फेरी थांबवायची कोणी?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की जळगावच्या मेहरूण तलावापासून तोरणमाळच्या यशवंत तलावापर्यंत बोटीसाठी रांगा लागतात. कुठे होडी उलटल्याची बातमी आली की वादही ठरलेला. एक बाजू म्हणते बोटिंग बंदच करा, दुसरी म्हणते पोटावर पाय देऊ नका. बोटिंग चालू राहावं, असंच माझं मत आहे. फक्त फेरी सोडायची की थांबवायची हे ठरवणाऱ्या माणसाची कमाई तिकिटावर अवलंबून नसावी. बाकी सगळे नियम या एका गोष्टीवर उभे आहेत.

कायदा नाही असं नाही. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 प्रमाणे इंजिनाच्या बोटीला नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकाला पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं. बिनइंजिनाच्या होड्यांसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे आणि त्यांच्या नोंदीचं काम राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवू शकतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2017 मध्ये बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. कागद पुरेसे आहेत. धक्क्यावर ते कोणी बघत नाही.

सगळ्यात जुना वाद आहे तो "दोन माणसं जास्त बसली तर काय बिघडतं?" हा. पाच मीटर लांब, 1.6 मीटर रुंद होडी घ्या. पाण्याच्या पातळीला तिचं क्षेत्रफळ साधारण 6 चौरस मीटर भरतं. म्हणजे दर 60 किलोला होडी एक सेंटिमीटर खाली जाते. चार मोठी माणसं जास्त घेतली तर चारेक सेंटिमीटर. एवढ्याने काय होतं, असं नावाडी म्हणतो आणि होडी सरळ उभी असेल तोवर त्याचं खरंही असतं. पण सेल्फीसाठी पाचसहा जण एका बाजूला सरकले आणि होडी दहा अंश कलली, की त्या बाजूचा काठ तब्बल 14 सेंटिमीटर खाली जातो. जास्तीची माणसं बसण्याआधी काठ पाण्यापासून 30 सेंटिमीटर वर होता असं धरलं, तर वजनाचे चार आणि कलण्याचे 14 जाऊन आता उरले जेमतेम 12. शेजारून गेलेल्या स्पीड बोटीची लाट तेवढी असतेच. एकदा पाणी आत आलं की ते कललेल्या बाजूलाच धावतं आणि होडीला आणखी कलवतं. म्हणून उलटणं सावकाश होत नाही, काही सेकंदांत होतं. उभ्या माणसांमुळे वजन वर जातं आणि होडी सावरायची ताकद आणखी घटते.

यावर उपाय स्वस्त आहे. होडीच्या दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, पिवळ्या ऑइलपेंटची भाररेषा मारा. रेषा पाण्याखाली गेली की फेरी नाही. माणसं मोजताना लोक हुज्जत घालतात, "लहान मुलगा आहे, त्याला कशाला धरता?" रेषेशी हुज्जत घालता येत नाही. मात्र आसनांची संख्याही पाळलीच पाहिजे, कारण हलकी माणसंसुद्धा उभी राहिली तर तोल जातो.

लाइफ जॅकेटचा वाद जास्त टोकाचा. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात ते घालवत नाही, घामाचा वास येतो, लोक हातात धरून बसतात. तक्रार खरी आहे, पण ती जॅकेटविरुद्ध नाही, न धुता वापरण्याविरुद्ध आहे. रोज साध्या पाण्यातून काढा, सावलीत वाळवा. उन्हात कापड आणि शिवण कुजते. जॅकेट उशीसारखं बुडाखाली घेऊन बसायची सवय तर मोडलीच पाहिजे, कारण फोम दबला की तरंगण्याची ताकद जाते.

ती ताकद तपासायला प्रयोगशाळा नको. जॅकेटवर 50 न्यूटन (हे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) लिहिलं असेल तर तराजूचं पाच किलोचं लोखंडी वजन बांधून अर्धा तास पाण्यात ठेवा. 100 न्यूटनच्या जॅकेटला दहा किलो. बुडालं तर ते जॅकेट मोडीत काढा, गोदामात "असू दे" म्हणून ठेवू नका. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि काठाजवळच्या पाण्यासाठी असतं. सहलीला आलेल्या, पोहता न येणाऱ्या माणसाला किमान 100 चंच द्यायला हवं, कारण तोंड पाण्यावर ठेवण्यासाठी ते बनवलेलं असतं.

घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्टे ढिले आहेत. मुलांना मोठ्यांचं जॅकेट दिलं तर पाण्यात पडताच ते डोक्यावरून निघून जातं. मुलांच्या मापाचं आणि मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्याचंच हवं. साडीचा पदर, ओढणी जॅकेटच्या आत खोचून मगच बकल लावावं. पायडल बोटीत लोंबती ओढणी थेट पायडलच्या दांड्यात गुंडाळली जाते.

आता इंजिनाच्या बोटी. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, पाण्यावर उजवीकडून. समोरासमोर आल्यावर दोघांनीही उजवीकडे वळायचं, हा 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला साधा नियम. मोटरसायकलवर हात बसलेला नवा चालक घाईत डावीकडे वळतो, समोरचा नियमाप्रमाणे उजवीकडे, आणि दोघं एकाच जागी येतात. म्हणून गर्दीच्या तलावात काठ उजव्या हाताला ठेवून, घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं, असा मोठा बाण धक्क्यावर रंगवलेलाच हवा.

जेट स्कीबद्दल तर माझं मत कडक आहे. तिला सहसा ब्रेक नसतो आणि ती वळते पाण्याच्या झोताने. घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की झोत थांबतो, हँडल फिरवूनही ती सरळच जाते. पाच मिनिटांच्या शिकवणीवर असं वाहन पायडल बोटींच्या गर्दीत सोडणं चूक आहे. तिला तलावाचा बोये (हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) लावून वेगळा केलेला भाग द्या, आणि चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली असल्याशिवाय सोडू नका.

लाटेबद्दलही एक गैरसमज आहे. सगळ्यात मोठी लाट पूर्ण वेगात उठत नाही. नाक वर, शेपूट खाली अशा अधल्यामधल्या वेगात ती उठते. धक्का आल्यावर "थोडा" वेग कमी करणारा चालक नेमका हाच घोळ करतो. वेग लांबूनच पार खाली आणावा लागतो, माणूस भराभर चालतो तेवढा.

मे-जूनमध्ये रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ पाण्यावरही तेवढ्याच जोराने येतं. 21 मे 2024 रोजी उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यातच उलटली आणि सहा जण गेले. हतनूर किंवा वाघूरसारख्या मोठ्या जलाशयावर वाऱ्याला मोकळं पाणी मिळतं आणि समोरच्या काठावर लाट मोठी होऊन पोचते. पश्चिमेला धूळ उठलेली दिसली की तिकीट खिडकी बंद, आतल्या बोटी जवळच्या काठाला, मग तो काठ धक्क्याचा असो वा नसो.

तरीही बोट उलटलीच, तर तिलाच धरून राहायचं. पोहून काठाकडे निघणारे दमून बुडतात. बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही, त्याच्याकडे मिनिटभरही नसतो, म्हणून वीस मीटर दोरीची ट्यूब धक्क्यावर हाताशी हवी, ऑफिसच्या कपाटात नव्हे. वाचवायला गेलेल्या बोटीने माणूस जवळ येताच इंजिन न्यूट्रल नाही, बंद करायचं.

वडोदऱ्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 ला बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. आपल्या नंदुरबारमध्ये 2019 च्या मकरसंक्रांतीला नर्मदेत भुशाजवळ होडी उलटली, तिथेही गर्दीच होती. भाररेषा आणि जॅकेट दोन्ही माहीत असूनही रविवारी सात वाजता, रांग लांब असताना, "भाऊ, बसू दे ना, एकच कुटुंब आहे" याला ठेकेदाराचा पोरगा नाही म्हणू शकत नाही. त्याची मजुरी फेऱ्यांवर आहे. म्हणून ठेका देतानाच अट घाला: धक्क्यावरच्या तपासनिसाचा पगार नगरपालिका किंवा ग्रामपंचायत देईल, ठेकेदाराकडून ती रक्कम आगाऊ वसूल होईल. प्रत्येक फेरीची माणसं, सुटल्याची वेळ आणि परतल्याची वेळ तो वहीत लिहील, आणि बोटीची साखळी त्याच्या कुलपात राहील.