रेडिओच्या पोटातली पांढरी माती

सेलूजवळच्या आमच्या गावचं माळवद उतरवायचं ठरलं तेव्हा सामानाची वाटणी भांडणाशिवाय झाली. तांब्याचं घंगाळ थोरल्या काकांनी उचललं, सागाच्या तुळया सुतारानं मोजून नेल्या, आणि ढाळजेतल्या देवळीत गोणपाटाखाली बसलेला आजोबांचा फिलिप्सचा रेडिओ कुणीच न मागितल्यामुळे माझ्या वाट्याला आला. परभणीला आणून पाठीमागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं, तर आत रेडिओ दिसेना. माती दिसली. माळवदाची पांढरी माती, वर्षानुवर्षं लाकडांच्या फटींतून झिरपलेली, मैद्यासारखी बारीक. तिच्यावर उंदरानं सरकीसकट कापसाचं अंथरूण घातलेलं. आईनं डोकावून पाहिलं. म्हणाली, "रेडिओ कामून म्हणतो मग, अख्खं घरच आणलंस की."

रंगाच्या ब्रशनं झाडून झाडून दोन वाट्या माती निघाली. ती बायकोनं तुळशीच्या कुंडीत टाकली. उंदराचं अंथरूण मात्र बाहेर.

मातीखालून व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओ चालवणाऱ्या काचेच्या नळ्या, वर आले. गावाकडे त्याला कुणी व्हॉल्व्ह म्हणत नसे, 'वॉल' म्हणत. "वॉल गेला" म्हटलं की घरात आजारपणासारखी शांतता पसरायची. ओल्या फडक्यानं काच पुसायची नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका काचेवरचा नंबर फडक्यासोबत पुसून गेला. बाकीच्यांचे वाचता आले: ईसीएच 81, ईएफ 89, ईबीसी 81, ईझेड 80, आणि केंद्र नीट लागलं की नाही ते दाखवणारा, पुढच्या काचेमागचा हिरवा डोळा, ईएम 80. ही नावं बाराखडीसारखी वाचता येतात. पहिला 'ई' म्हणजे आतला दिवा 6.3 व्होल्टवर पेटणारा, 'झेड' म्हणजे एसीची डीसी करणारा, 'एम' म्हणजे डोळा. पुसलेला कोणता असणार हे मग ओळखायला सोपं होतं. आवाज स्पीकरकडे ढकलणारा गडी यादीत नव्हता. तो ईएल 84.

जुने रेडिओ दुरुस्त करणारा प्रत्येक माणूस सुरुवातीलाच बजावतो की कितीही मोह झाला तरी लगेच प्लग लावू नको. मी लावला. फट् असा आवाज, जळक्या मेणाचा वास, घरातला एमसीबी खाली, आणि स्वयंपाकघरातून मिक्सर थांबल्यानंतरची ती विशिष्ट शांतता. मेनच्या तारेवरचा कागदी कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा लहानसा भाग, फुटला होता. फ्यूज का उडाला नाही म्हणून पाहिलं तर फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची चांगली जाड तार पिळून ठेवलेली. उडायचं कामच नाही.

मग शहाण्यासारखा सिरीज बोर्ड केला. रेडिओच्या वाटेत शंभर वॅटचा साधा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर चमकून मंद होतो. एवढी साधी युक्ती, पण तिच्यासाठी तारेचा बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. स्टेशन रोडवर चार दुकानं फिरलो. प्रत्येकानं एलईडीच पुढे केला, वर विजेची बचत समजावून सांगितली. शेवटी बल्ब मिळाला तो कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायचं सामान विकणाऱ्याकडे. "किती पिल्लं आहेत?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, एकच.

झाकणाच्या आत व्होल्टेजची पट्टी असते. 110, 125, 145, 200, 220, 245 अशी भोकं, आणि त्यातल्या एकात पितळी खुंटी. आपल्याकडच्या विजेला ती 220 नाहीतर 245 वर हवी. आमची 200 वर होती. मी आधी चूक समजलो. नंतर लक्षात आलं, तो गावचा हिशेब आहे. संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की गावात दिवे पिवळे पडायचे आणि रेडिओ कण्हायला लागायचा. कुण्या मिस्त्रीनं खुंटी 200 वर आणून ठेवली, म्हणजे पडलेल्या विजेतही आवाज खणखणीत. आज माझ्या घरी 240 येतात. तशीच ठेवली असती तर 6.3 व्होल्टच्या दिव्यांना साडेसात मिळाले असते आणि सगळे वॉल भाजून निघाले असते. खुंटी 245 वर नेली. पण नेताना जरा चोरी केल्यासारखं वाटलं खरं.

त्या मिस्त्रीची आणि माझी ओळख पुढे वाढत गेली. चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, उलटी केली की त्याचा हात सगळीकडे. हव्या मापाचा कंडेन्सर मिळाला नाही म्हणून त्यानं दोन लहान शेजारी बांधून बेरीज जमवली होती. एक रेझिस्टन्स पत्र्याला टेकत होता, तिथे मध्ये आगपेटीची काडी घालून शिलाईच्या दोऱ्यानं गुंडाळली होती. सोल्डरचे डाग जाडजूड, बोराएवढे, पण एकही सुटलेला नाही. माझे डाग सुबक दिसतात आणि सुटतात. पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं उर्दूत काहीतरी लिहिलेलं होतं. ते मला येत नाही. आजोबांची पिढी निजामाच्या राज्यातली, त्यांची शाळा उर्दूत. ते हिशेबही उर्दू आकड्यांत लिहायचे आणि कुणाला वाचता येऊ नये म्हणून बरं पडतं म्हणायचे. आमच्या गल्लीच्या तोंडावर घड्याळं दुरुस्त करणारे चाचा आहेत, त्यांना पत्रा तसाच नेऊन दाखवला. डोळ्याला भिंग तसंच ठेवून त्यांनी वाचलं: "आवाज बारीक. वॉल बदला. पैसे बाकी."

पैसे दिले की नाही, ते काही लिहिलेलं नव्हतं.

रेडिओसोबत पोस्टाचं लायसन्सचं पुस्तकही निघालं. हे आता पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं, वर्षाला 15 रुपये, पोस्टात जाऊन भरायचे. पहिलं पान 1968 चं. त्या साली गावात वीज आली आणि कापसाला बरा भाव मिळाला. सेलूच्या बाजारातून आजोबा बैलगाडीत सरकीच्या पोत्यावर हा रेडिओ ठेवून आले, असं आई सांगते. ती तेव्हा नवी नवरी. अंगणाच्या दोन टोकांना बांबू रोवून तांब्याच्या जाळीची एरियल बांधली होती, तिच्यावर कपडे वाळत घातल्याबद्दल तिनं बोलणीही खाल्लीत.

सामानासाठी हैदराबाद गाठलं. पुण्यामुंबईतही मिळतं सगळं, पण परभणीच्या माणसाला थेट गाडी पकडून सिकंदराबादला उतरणं जास्त सोयीचं, आणि कोठीच्या गुजराती गल्लीत विजेच्या सामानाचं जे मिळत नाही ते मग कुठेच मिळत नाही. दुकानदारानं "क्या होना जी?" विचारलं. मी ईएल 84 म्हणताच त्यानं मान न वळवता हात मागे नेला आणि बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, खोक्यातला, न वापरलेला वॉल काढून ठेवला. सोबत 630 व्होल्टचे पिवळे कंडेन्सर, 450 व्होल्टचे दोन मोठे, थोडी राळ. आजोबांना हैदराबाद म्हणजे 'डेक्कन'. निजामाच्या काळात तिथे डेक्कन रेडिओ होता, औरंगाबादलाही केंद्र होतं. 1950 मध्ये दोन्ही आकाशवाणीकडे गेली. आजोबांकडे ती बातमी पोचली होती, पण त्यांनी ती मान्य केली नाही. शेवटपर्यंत "डेक्कन लाव" असंच म्हणायचे.

ह्या सगळ्या उद्योगात मन लावून केलेलं काम एकच, आणि ते दाण्याएवढ्या एका कंडेन्सरचं. ईएल 84 च्या तोंडाशी, म्हणजे ग्रिडवर, आधीच्या वॉलकडून फक्त आवाज यायला हवा, तिथली शेकडो व्होल्टची डीसी नको. तो अडसर हा कंडेन्सर. शेताच्या बांधासारखं आहे हे. ओल पलीकडे जाऊ द्यायची, पाणी नाही. कागदी कंडेन्सर जुना झाला की बांध पाझरायला लागतो. वॉल नको इतका करंट ओढतो, आतला पत्रा लाल होतो, आणि त्याच्यामागे आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला की मग मात्र हळहळत बसायचं. जुनाच कंडेन्सर ठेवून, बल्बमधून वीज देऊन, मी ग्रिडवर मीटर लावला. शून्याच्या आसपास काटा हवा. नऊ व्होल्ट दाखवले. बंद केलं. एका हातानं काम, दुसरा हात खिशात, कारण मोठे कंडेन्सर प्लग काढल्यावरही दबा धरून बसलेले असतात. त्यांना आधी रेझिस्टन्समधून रिकामं केलं. मग तो कंडेन्सर कापला. मेण अजून ओलसर, बोटाला लागलं. नवा पिवळा जोडला, डाग गार होईपर्यंत श्वास रोखला. पुन्हा मीटर: शून्य.

नेटवर काही हौशी लोक जुन्या कंडेन्सरचं पोट कोरून आत नवा बसवतात, म्हणजे उघडून पाहणाऱ्याला सगळं मूळचं वाटावं. मला ते पटलं नाही. मूळचं म्हणजे कुठलं? कारखान्यातून निघालं ते, की मिस्त्रीनं काडी घातल्यानंतरचं? काडी मी तशीच ठेवली. दोन जोडलेले कंडेन्सर काढावे लागले. पिवळे दिसतात तर दिसू देत. फ्यूज मात्र खरा घातला, त्या बाबतीत मिस्त्रीचं आणि माझं जमलं नाही. लाकडाला पॉलिशही केलं नाही. हल्ली असे रेडिओ आरशासारखे चकचकीत करून हॉटेलात कॅश काउंटरवर ठेवतात, आत ब्लूटूथचा डबा. त्यापेक्षा उंदीर बरा.

डायलच्या दोऱ्यानं तीन संध्याकाळी खाल्ल्या. गुंडी, चार लहान पुली, गँगचं, म्हणजे केंद्र बदलणाऱ्या कंडेन्सरचं, मोठं चाक, एक स्प्रिंग, आणि ह्या सगळ्यांतून फिरणारा एकच दोरा, जो शेवटच्या गाठीला हमखास निसटतो. चौथ्या दिवशी बसला. गुंडी उजवीकडे फिरवली, काटा डावीकडे पळाला. आई लांबून बघत होती. "उलटा घेतलास." पुन्हा सगळं सोडलं.

डायलच्या काचेखाली आजोबांनी कागदाची बारीक पट्टी चिकटवून खुणा केल्या होत्या. चाचांनी त्याही वाचून दिल्या: डेक्कन, मुंबई, परभणी. उजव्या टोकाला नुसतीच एक फुली होती. मी तिथे काटा नेऊन बराच वेळ कान लावला. कुठलं बंद पडलेलं केंद्र असेल, कुणाचं असेल, असं बरंच काही मनात आलं. आई म्हणाली, "तिथं काही लागत नव्हतं बाबा. तिथून पुढं फिरवायचं नाही म्हणून फुली. दोरा उतरायचा."

पहिल्यांदा लागला तो संध्याकाळी. आधी डायलचे दिवे, मग अर्धा मिनिट काहीच नाही, मग हिरवा डोळा हळूहळू उजळला आणि जी खरखर सुरू झाली ती माझ्याच घरातली होती. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, वायफायचा डबा, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, सगळे मीडियम वेव्हवर एकदम बोलत होते. मी घरभर फिरून एकेक बंद करत गेलो, लेकीनं फोन चार्जिंगवरून काढायला साफ नकार दिला. गल्लीची लाईट गेली तर सगळी खरखर एका झटक्यात थांबेल, हे कळत होतं. रेडिओही थांबेल, हेही.

दिवसा मीडियम वेव्ह जवळचंच आणते. सूर्य मावळला की वरच्या हवेतला, लहरी गिळून टाकणारा थर विरतो आणि लांबची केंद्रं चालत येतात. साडेनऊला लेक झोपली. मी 400 मीटरच्या जरा पुढे, 'डेक्कन'च्या खुणेपाशी काटा नेला. डोळ्याच्या दोन हिरव्या पाकळ्या जवळ सरकल्या. तेलुगूत कुणीतरी बातम्या देत होतं. एक अक्षर कळलं नाही. आई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि कळल्यासारखी मान हलवत होती.

बातम्यांखाली बारीक घूं ऐकू येत होती. मोठे कंडेन्सर नवे, अर्थिंग चांगलं, तरी घूं. ईबीसी 81 चा वॉल असेल, नाहीतर मीच एखादी तार चुकीच्या जागेवरून नेली असेल. पुन्हा चासी उलटी करावी म्हणून मी पेचकस शोधायला उठलो.

"काय झालं?"

"घूं येतेय."

"ती तेव्हापण होती," आई म्हणाली. "बस खाली."