माझा अनुभव : नोहाचं तारू छापखान्यात कसं अडलं

कादंबरी लिहिताना मजा आली. ती छापून घेताना जे झालं ते लिहून ठेवते, म्हणजे बडोद्यात बसून स्वतःच्या खर्चाने मराठी पुस्तक काढणाऱ्या कुणाचं तरी डोकं शाबूत राहील.

पुस्तक कुमारवयीन मुलांसाठी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, मगरी रस्त्यांवर आल्या, एक तर छपरावर चढून बसली. तेव्हा भाच्याने विचारलं, "मावशी, नोहाने मगरी तारवात घेतल्या असतील का गं?" बायबलमध्ये देव महापूर आणतो आणि नोहा घरच्यांना आणि जनावरांना तारवात, म्हणजे मोठ्या लाकडी जहाजात, घेऊन वाचवतो; बाकी कोरड्या जमिनीवरचे श्वास घेणारे जीव मेले असं म्हटलंय. मगर दोन्हीकडची. त्यातून सगळं सुरू झालं. तारवात माणसं आठ, पण नोहाची बायको आणि तिन्ही सुना यांची नावं उत्पत्तीच्या पुस्तकात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, दिलेलीच नाहीत. एवढी मोकळी जागा कोण सोडतं! मी नोहाचा मुलगा याफेथ याच्या बायकोला नायिका केलं. वय सोळा, जनावरांची भाषा कळणारी. पाणी ओसरलं का हे बघायला नोहाने आधी सोडला तो कावळा, कबुतर नंतरचं. तो कावळा हिचा जिवलग. बायबलच्या गोष्टीला हात लावू का, असं ज्यांना वाटतं त्यांनी निर्धास्त राहावं. बायबलची गोष्ट मराठीत सांगणारं फादर स्टीफन्स या धर्मगुरूचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ सालीच छापून झालंय. फक्त अलीकडच्या भाषांतरातले उतारे जसेच्या तसे उचलू नका, त्यांवर हक्क असतात; गोष्ट मात्र सगळ्यांची आहे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीहून ऑनलाइन मिळतो, फुकट मिळतो. मुखपृष्ठ मैत्रिणीने केलं. हे सगळं सुरळीत झालं, म्हणून सोडून देते.

अडलं ते अक्षरजुळणीत. छापखाना चांगला जुना, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं करणारा. मी युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणक सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेली फाइल दिली. मालक म्हणाले, "थई जशे, बेन." ऑपरेटरभाईंकडचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला युनिकोड कळत नाही. त्यांनी माझा मजकूर एका कन्व्हर्टरमधून काढून त्यांच्या जुन्या फाँटमध्ये ओतला. कन्व्हर्टर हिंदीसाठी बनवलेला. हिंदीला आपला ऱ्य आणि ऱ्ह लागत नाही, त्यामुळे त्याने प्रत्येक ठिकाणी र उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार करून ठेवला. आता विचार करा, तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद आणि तीस हात उंच तारू बांधायचं, म्हणजे माझ्या पानापानावर कुऱ्हाड. छापून आली 'कुर्हाड'. देवाने वारा सोडला आणि पाणी उतरू लागलं, हा कादंबरीचा कळस, तिथे 'वार्याने'. दुसऱ्या, तऱ्हा, बिचाऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर शेंडी.

मी लाल पेनाने खुणा करून दिल्या. "एक मिनिटमां," म्हणत ऑपरेटरभाईंनी एका दमात सगळा 'र्य' बदलून 'ऱ्य' केला. कुऱ्हाड तशीच राहिली, कारण ती ह ची, आणि जे शब्द मुळात बरोबर होते ते बिघडले. चाळीस दिवसांच्या पावसानंतर ढग फाटून माझा 'सूऱ्य' उगवला. नायिकेला 'आश्चऱ्य' वाटलं. तिने 'धैऱ्य' गोळा केलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून एकेक शब्द दाखवायचे, ते बदलायचे, आणि दुसऱ्या दिवशी नव्या प्रिंटमध्ये अर्ध्या दुरुस्त्या गायब, कारण दुपारपाळीच्या माणसाने जुनीच फाइल उघडलेली. वर "वाचणाऱ्याला समजतंच की, बेन" हे ऐकायचं. बारा वर्षांचं पोर जे छापलेलं बघतं तेच बरोबर समजतं, हे कुणाला सांगणार!

फोनवर पीडीएफ बघून होकार देऊ नका, कागदावर प्रिंट मागा. मुद्रणाच्या चुका पडद्यावर लपतात.

शेवटी फाइनआर्ट्सला शिकणारा शेजारचा मुलगा मदतीला आला. त्याने इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर चालू केला. भारतीय लिप्यांची जोडाक्षरं नीट जुळायला तो लागतोच. फाँट 'तिरो देवनागरी मराठी' घेतला. तो फुकट आहे, शिवाय त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. मजकूर ओतला आणि पहिल्याच पानावर कुऱ्हाड. अख्खी, धारदार. मी चक्क टाळी वाजवली. फाँट आत बसवलेली पीडीएफ घेऊन छापखान्यात गेले. त्यांना आता फक्त छापायचं होतं. मालक बघून म्हणाले, "आ तो पहेलां कहेवुं हतुं ने, बेन!" मी पाणी प्यायले.

म्हणून छापखाना ठरवायच्या आधी, आगाऊ पैसे तर सोडाच, एक ओळ लिहून त्यांच्याकडून काढून मागा: 'सूर्य उगवल्यावर दुसऱ्या आचार्यांनी आचाऱ्यांची कुऱ्हाड वाऱ्यावर सोडली.' अर्थ लावू नका, अक्षरं बघा. ही ओळ जशीच्या तशी आली तरच पुढे बोला. कन्व्हर्टर हा शब्द कानावर पडला तर चहा पिऊन उठा.

आणि हो, १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवावी लागते, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही. तेवढ्या प्रती नातेवाईक येण्याआधी बाजूला काढा. मगरीचं काय झालं ते भाच्याला सांगितलेलं नाही, पुस्तक विकत घे म्हटलंय.