चौथा पर्याय

गुरुवार, रात्री साडेअकरा

97.2846153. इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागल्यापासून हा आकडा मला स्वतःच्या मोबाईल नंबरासारखा पाठ झालाय. परवा वहीत गणित मांडलं. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) चार लाखांवर मुलं बसतात, त्यातले वरचे पावणेतीन टक्के म्हणजे साधारण अकरा हजार मुलं माझ्या पुढे उभी आहेत. इथून लालबागच्या राजाची रांग दर वर्षी बघतो, ती निदान सरकताना तरी दिसते.

आईने आख्ख्या चाळीत ‘सत्त्याण्णव टक्के’ म्हणून पेढे वाटले. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना माझ्याइतके किंवा कमी मार्क आहेत एवढाच त्याचा अर्थ, हे मी तिला दोनदा समजावलं. खरे टक्के काढले तर सत्तरच्या खालीच भरतील. ती म्हणाली, “मग तू पुढेच ना? बास तर.” आता जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, आयआयटी का? मी हसतो आणि दोन-दोन पायऱ्या उतरतो.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगणार नाही. पेपर दोनशेचा, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन मार्कांचे आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. शेवटच्या दोन मिनिटांत मी गणिताचे चार प्रश्न न वाचताच मारले. उत्तरतालिका आल्यावर ताळा केला तर त्यातले दोन बरोबर. म्हणजे माझ्या गुणवत्तेतले चार मार्क निव्वळ मटका आहेत. ते नसते तर किती हजार पोरं आणखी पुढे गेली असती याचा हिशोब मुद्दाम केला नाही.

शुक्रवार

आजचा दिवस कागदांचा. प्लास्टिकच्या फाईलमध्ये माझे कागद चार आणि बाबांचे अकरा. माझ्या मार्कांची एक रांग आणि बाबांच्या उत्पन्नाची दुसरी, अशा दोन रांगांत मी एकाच वेळी उभा आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाबांच्या तीन अर्ध्या रजा गेल्या. एकदा आडनावातली वेलांटी चुकली, एकदा सर्व्हर बंद, एकदा साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा हातात आला तेव्हा बाबांनी तो आधी वाचला नाही, नुसता शिक्का बघितला.

दाखल्यावर आकडा सहा लाख दहा हजार. बाबांचा पगार आणि आईच्या डब्यांचे पैसे धरून. आठ लाखांच्या आत, म्हणजे ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बलांचं आरक्षण) चालतं, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती चालते (चाळीत सगळे तिला अजून ईबीसीच म्हणतात), अर्धी शिकवणी फी माफ. केंद्राची ती वर्षाला बारा हजारांची गुणवत्ता शिष्यवृत्ती मात्र गेली. बारावीच्या मार्कांवर मी तिच्यात बसत होतो, पण तिथली मर्यादा साडेचार लाखांची. आई म्हणाली, “माझ्या डब्यांमुळे गेली का?” नाही गं. डबे सोडले तरी आपण वरच जातो. हे तिला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदाही तिला पटलं असं वाटलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला माझ्यापेक्षा चार पर्सेंटाईल कमी आहेत. पण 2024 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांच्या आतल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिकवणी फी माफ. ती कुठलंही कॉलेज बिनधास्त भरतेय. मत्सर वाटला, खोटं कशाला लिहू. मग संध्याकाळी नळावर तिची आई माझ्या आईला सांगत होती की फी माफ झाली म्हणूनच तिचे बाबा ‘हो’ म्हणाले, नाहीतर घराजवळ बीकॉमच ठरलं होतं. माझ्या बाबतीत ‘हो’ कुणी म्हणायचं हा प्रश्नच कधी आला नव्हता. मत्सर पूर्ण गेला नाही, पण त्याचा आवाज बसला.

माझ्यासाठी पूर्ण फी माफीची एकच वाट, टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. प्रत्येक शाखेत मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा, म्हणजे साठाला तीन. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, बाकी जात-प्रवर्ग बघत नाहीत, निव्वळ मेरिट. पर्यायांच्या यादीत त्या कोडच्या शेवटी इंग्रजी ‘टी’ असतो. गंमत अशी की या फुकटच्या जागेला त्याच कॉलेजच्या पैशांच्या जागेपेक्षा बहुतेक वेळा जास्त पर्सेंटाईल लागतं. गरिबी आहेच, वर हुशारीही जास्त दाखवा. आणि एकदा ती जागा घेतली की कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. विकास शुल्क, परीक्षा शुल्क वेगळं भरायचंच, माफी फक्त शिकवणीची.

दुपारी मुंबईतल्या कॉलेजांवर पेन्सिलीने खुणा करत बसलो. पार्ल्यातलं ते गुजराती भाषिक अल्पसंख्याकांचं, वांद्र्यातलं आणि चेंबूरमधलं सिंधी, कांदिवलीतलं हिंदी. तिथल्या निम्म्याहून जास्त जागा त्या त्या समाजाला, आणि अल्पसंख्याक संस्थांना ईडब्ल्यूएस आरक्षण लागू नाही. मराठी माणूस महाराष्ट्रात अल्पसंख्याक नाही, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. त्या समाजांनी पैसे उभे करून कॉलेजं काढली, आम्ही मंडळं काढली आणि दहीहंडी लावली. पण एवढ्या कष्टाने मिळवलेला ईडब्ल्यूएसचा कागद यादीतल्या इतक्या नावांसमोर गप्प बसतो, हे बघून जरा हसू आलं.

शनिवार

पाऊस थांबला म्हणून बेस्टने माटुंग्याला गेलो. व्हीजेटीआय, मुंबईतलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज. घरून इतकं जवळ की पास काढला नाही तरी चालेल. आत शिरायचं काही निमित्त नव्हतं, म्हणून गेटसमोर उभा राहिलो. पाठीवर सॅक टाकलेली पोरं आत-बाहेर करत होती आणि त्यांच्यापैकी एकही इमारतीकडे बघत नव्हता. आत गेलेल्या माणसाला इमारत दिसायची बंद होते वाटतं.

तिथलं कॉम्प्युटर नव्याण्णवच्या पुढच्या दशांशांचं काम आहे, ते मी विसरलोय. पण गेल्या वर्षीचे कटऑफ बघता टेक्सटाईल मला मिळतंय. फी खाजगीच्या मानाने फारच कमी, त्यातली अर्धी शिष्यवृत्तीत जाईल. दुसरीकडे, माझ्या पर्सेंटाईलला मुंबईतल्या एका बऱ्या खाजगी कॉलेजात आयटीची साधी जागा मिळू शकते. फी वर्षाला दोन लाखांच्या घरात, अर्धी माफ झाली तरी चार वर्षांचे चार लाख घरातून. आणि तिसरीकडे लांबच्या उपनगरातल्या कॉलेजात टीएफडब्ल्यूएसची आयटी. शिकवणी शून्य, पण रोज लोकलचे तीन तास.

घरी येऊन आजीला सांगितलं, टेक्सटाईल मिळेल बहुतेक. ती भाजी निवडत होती. “टेक्सटाईल म्हंजे?”

“कापड. सूत, विणकाम, ते सगळं. आता रस्त्याखाली अंथरायचं, ऑपरेशनला लागणारं, असलं कापडही असतं त्यात.”

“म्हंजे मिलच की.” आणि तिने भाजीची जुडी खाली ठेवली.

आजोबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर. मी त्यांना फोटोतच बघितलंय. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर आले, आणि तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीरच केलं नाही. आजी म्हणते, म्हणून आपल्या घरात तो अजून चालूच आहे. मला वाटलं, ती आता नको म्हणेल. ती म्हणाली, “ते कॉलेज गिरण्यांसाठीच काढलेलं ना? तिथनं शिकलेले साहेब यायचे खात्यात. यांना नावाने हाक मारायचे.” नंतर मी वाचलं तर बरोबर होतं: 1887 ला भायखळ्यात सुरू झालं, गिरण्यांना लागणारी माणसं घडवायला, माटुंग्याला आलं ते 1923 मध्ये. आजीने हे कुठेही वाचलेलं नाही.

मग तिला कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या समजावत बसलो. 2025 पासून चार फेऱ्या. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय लागला तर घ्यायचाच, जागा आपोआप फ्रीज, पुढच्या फेरीत बसता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही लागलं तरी तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. त्याच्या खालचं काही लागलं तर ते हातात धरून बेटरमेंटला थांबायचं. वरचं मिळालं की खालचं आपोआप सुटतं.

“म्हंजे बदलीच की रे,” आजी म्हणाली.

आजोबा पहिली काही वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कुणी कायम कामगार आला नाही तर त्या दिवसापुरतं आत, नाहीतर घरी. कधी साचेखातं, कधी त्रासन (सूतकताईचं खातं), जे मिळेल ते. मग एक दिवस कायम. “ते दिवस वाईट नव्हते,” आजी म्हणाली, “पण डबा भरायचा की नाही ते कळायचं नाही.”

रविवार, दुपार

पर्याय भरायला बसलो. तीनशे भरता येतात म्हणे, मी सत्तावीसवर थांबलो. नियम नीट वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली की न मिळणारं कॉलेज पहिल्या नंबरला टाकल्याने काहीच बिघडत नाही. बिघडतं ते नको असलेलं वर टाकल्याने. म्हणून पहिला नंबर बाबांच्या हट्टाखातर व्हीजेटीआय कॉम्प्युटर. लागणार नाही. बाबांनाही माहीत आहे. “लिहून तर ठेव,” म्हणाले.

दुसरा आणि तिसरा ‘टी’वाले: दादरहून पाऊण तासाच्या आतल्या दोन कॉलेजांची आयटी. जरा अवघड आहेत, पण अशक्य नाहीत.

लांबचा ‘टी’ कुठे टाकू यात एक तास गेला. शिकवणी शून्य हे बाबांच्या डोळ्यांत दिसत होतं, ते बोलत नव्हते. मी त्यांना आकडे मांडून दाखवले: व्हीजेटीआयची अर्धी फी एका बाजूला, पास, दुपारचं खाणं, विकास शुल्क दुसऱ्या बाजूला. फरक राहतो, पण त्यांना वाटत होता त्याच्या अर्ध्याहून कमी. ते वही हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “टेक्सटाईलमध्ये तुला काय आवडेल?” मला उत्तर आलं नाही. कोडिंग आवडतं हे माहीत आहे. कापडाबद्दल काल संध्याकाळपर्यंत मी कधी विचारच केला नव्हता. खरं सांगितलं. म्हणाले, “बरं.”

टेक्सटाईल मी चौथ्या नंबरला टाकलं. लांबचा ‘टी’ पाचवा, खाजगी आयटी सहावी. चौथ्यावर असलं की दुसऱ्या फेरीपर्यंत ते फ्रीज होत नाही, वरच्या दोन ‘टी’ची वाट बघता येते. तिसऱ्या फेरीत मात्र होतं.

आजीला सांगितलं, दोन फेऱ्या बदली, तिसरीला कायम. तिने विचारलं, “डबा कधीपासनं?”

अर्ज लॉक करायला ओटीपी बाबांच्या फोनवर आला. त्यांनी चष्मा शोधला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला, सहाही.