गव्याचं पिल्लू मोठं होताना

गव्याची मादी साधारण ९ महिने गाभण असते. व्यायच्या वेळी ती कळपातून बाजूला होते, दाट झाडीचा आडोसा धरते आणि बहुधा एकच पिल्लू देते. वजन २०-२५ किलो, रंग फिकट सोनेरी. मोठ्या गव्यासारखे पायांत पांढरे मोजे नाहीत, वशिंड नाही; चुकून रानात आलेलं गावठी गाईचं वासरूच वाटावं असं.

इथेच घोटाळा होतो. पहिले काही दिवस आई पिल्लाला झुडपात लपवून जवळपास चरते. सह्याद्रीतल्या चांदोली-कोयनेच्या जंगलाकडेच्या गावांत असं एकटं पिल्लू दिसलं की लोकांना ते पोरकं वाटतं. नव्वद टक्के काय, जवळजवळ प्रत्येक वेळी आई हाकेच्या अंतरावर असते. हात लावू नका, फोटोसाठी थांबू नका, आल्या वाटेने परता आणि वनखात्याला १९२६ वर कळवा. माणसं रेंगाळली तर आई परत येत नाही, नाहीतर थेट अंगावर येते.

दूध सुटायला ८-९ महिने लागतात, पण गवताला तोंड त्याच्या कितीतरी आधी लागतं. चांदोलीत जंगलातून उठून दुसरीकडे वसलेल्या गावांची जुनी शेतं आता गवताळ झाली आहेत, तिथे पिलं कळपाच्या मध्ये राहून चरतात. बिबट्या आणि कोळसुंदे (रानकुत्री) टपलेले असतातच. धोका जाणवला की मोठी मादी नाकातून शिट्टीसारखा फुत्कार सोडते आणि सगळा कळप एकदम थबकतो.

मला जास्त भीती वाटते ती लाळ्या-खुरकुताची, म्हणजे गुरांच्या तोंडात आणि खुरांत फोड आणणाऱ्या साथीच्या रोगाची. एकाच पाणवठ्यावर गुरं आणि गवे आले की रोग जंगलात शिरतो. खुरात फोड आलेलं पिल्लू कळपाबरोबर चालू शकत नाही, मागे पडतं आणि कोळसुंद्यांच्या तोंडी जातं. म्हणून पाटण आणि शिराळ्याच्या जंगलालगतच्या गोठ्यांत दर ६ महिन्यांची लस चुकताच कामा नये.

वय ओळखायचं तर शिंगं बघावीत. आधी नुसते सुळके बाहेर येतात, मग बाहेर फाकून वर वळतात. जुन्या नराच्या शिंगांना बुडाशी आडव्या वळ्या पडतात, दोन शिंगांमधला कपाळाचा उंचवटा ठळक होतो. मादी २-३ वर्षांत वयात येते आणि बहुधा कळपातच राहते. नर तांबूस-तपकिरीचा काळा होत जातो, कळपातून सुटतो आणि एकटा किंवा दुसऱ्या नरांबरोबर फिरतो. अंगाने भरलेला नर १००० किलोपर्यंत जातो.

उसात एकटा दिसणारा गवा बहुतेक वेळा असा सुटलेला नर असतो. डिसेंबर २०२१ मध्ये एक तर थेट सांगली शहरात शिरला होता. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात कोथरूडला आलेला गवा पकडल्यावर मेला. इतकं मोठं जनावर तासन्‌तास पळवलं की अंग तापतं, स्नायू निकामी होतात आणि बेशुद्धीचं औषध त्याला सोसत नाही. गवा उसात असेल तर शेताची जंगलाकडची बाजू मोकळी सोडा, कुत्री बांधून ठेवा, बघ्यांना लांब काढा. अंधार पडल्यावर तो बहुधा आपल्या आपणच निघतो.