डावा हेडलाइट मंद का होता

रात्री गाडी भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि भिंतीवर दोन वेगवेगळे उजेड दिसले. उजवा पांढरा, स्वच्छ. डावा पिवळट, वात खाली केलेल्या कंदिलासारखा. बरेच दिवस रस्त्याची डावी कड नीट दिसत नव्हती, आणि मी दोष माझ्या डोळ्यांना देत होतो. कडेने चालणारी माणसं मला उशिरा दिसत होती, हे लक्षात आल्यावर मात्र पोटात गोळाच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं.

आधी बल्ब. एच-४ प्रकारचा हॅलोजन होता, म्हणजे एकाच बल्बमध्ये दोन तारा: डिपर (जवळचा झोत) ५५ वॅट आणि अप्पर (लांबचा झोत) ६० वॅट. नवा आणायच्या आधी डावा-उजवा अदलाबदल करून पाहिले. काच बोटांनी धरली नाही. बोटाचं तेल लागलं की तापल्यावर तेवढ्याच जागी काच जास्त गरम होते आणि बल्ब लवकर जातो. अदलाबदल करूनही मंद राहिला तो डावाच. म्हणजे बल्ब निर्दोष. फ्यूजचाही प्रश्न नव्हता, कारण फ्यूज उडला की दिवा मंद होत नाही, बंदच होतो.

मग मल्टिमीटर काढला, आणि इथे माझा अर्धा तास गेला. कनेक्टर बल्बमधून काढून त्याच्या पिनांवर व्होल्टेज मोजलं तर १२.३, बॅटरीवर होतं तेवढंच. वायरिंग ठीक आहे अशी माझी खात्रीच झाली. पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. करंट वाहत नसेल तर खराब जोडावरही व्होल्टेज पडत नाही, सगळं चांगलंच दिसतं. दिवा पेटलेला असतानाच मोजायला हवं.

कनेक्टर परत लावला, डिपर चालू केला आणि मीटरची टोकं कनेक्टरच्या मागून पिनांपर्यंत सरकवली. बल्बला मिळत होते १०.२ व्होल्ट. दोन व्होल्टच तर कमी, असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. एवढ्या घटीत तो जवळपास निम्म्यावर येतो.

उरलेले २.१ व्होल्ट कुठे गेले? बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या पॉझिटिव्ह पिनेपर्यंत मोजले: ०.३. मग अर्थची बाजू, म्हणजे करंट बल्बमधून गाडीच्या पत्र्यावाटे बॅटरीकडे परत जातो ती वाट. बल्बच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजले: १.८. हिशोब जुळला, चोर अर्थच्या बाजूला होता. तेव्हा एक जुनी गोष्टही आठवली: डावा इंडिकेटर लावला की हा दिवा त्याच्या तालावर हलकासा लुकलुकायचा. दोघांची अर्थ एकच, म्हणून.

खात्रीसाठी एक जाड वायर अर्थ पिनेपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली. डावा दिवा त्याच क्षणी पांढराशुभ्र झाला. वायर उचलली की पिवळा, टेकवली की पांढरा. मी चार-पाच वेळा करून पाहिलं, इतका आनंद झाला होता. (काही गाड्यांत डिपरचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे बल्बच्या या पिनेची वायर बॉडीला नाही, स्विचकडे जाते. तिथे ही चाचणी फसवते. आधी वायरिंगचं चित्र बघावं.)

अर्थची वायर हाताने चाचपत गेलो. हेडलाइटच्या मागे, बॉडीच्या पत्र्यावर एका बोल्टखाली तिचं कडं दाबलेलं होतं. बोल्ट तांबडा, कड्यावर हिरवट पांढरी पूड, आणि खालचा पत्रा रंगासकट फुगलेला. बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, १० नंबरच्या पान्याने बोल्ट सोडवला. कडं आणि पत्रा दोन्ही सँडपेपरने धातू चमकेपर्यंत घासले. इथे घाई केली नाही, रंगाचा पातळ थर राहिला तरी जोड खराबच. नवा बोल्ट दातेरी वॉशरसकट आवळला आणि वरून ग्रीसचा हात फिरवला, म्हणजे पाणी लागणार नाही.

पुन्हा मोजलं. १.८ ऐवजी ०.०८.

संध्याकाळी परत त्याच भिंतीसमोर उभा राहिलो. दोन्ही उजेड सारखे, आणि डिपरची वरची कड दोन्हीकडे एकाच उंचीवर. म्हणजे बल्ब बसवताना तिरका झाला नव्हता. काम एकच राहिलंय: उजव्या बाजूचा अर्थचा बोल्ट. तोही तेवढाच जुना आहे, आणि तिथे मीटर आत्ताच ०.३ व्होल्ट दाखवतोय.