सावरीवरचे तोईपोपट

फेब्रुवारीत ताम्हिणी परिसरात तोईपोपटांची छायाचित्रे टिपायची ठरवली, तेव्हा पक्ष्यांच्या मागे भटकण्याऐवजी मी आधी झाड शोधले. हिरव्या पानांत हिरवा पोपट डोळ्यांना सापडत नाही आणि कॅमेऱ्यालाही सापडत नाही. काटेसावर मात्र या दिवसांत निष्पर्ण होऊन तांबड्या फुलांनी लगडलेली असते आणि त्या फुलांतील मधावर मैना, कोतवाल यांच्याबरोबर तोईपोपटांचे थवेही येतात. बांधावरची एक सावर पूर्वेकडून मोकळी होती, त्यामुळे सकाळचे ऊन माझ्या पाठीमागून थेट फांद्यांवर पडत असे. शेतमालकांना विचारले, तर ते म्हणाले, "बसा की खुशाल, फक्त राघू हरभऱ्यावर उतरले तर हाकला." ही अट मी पाळली नाही.

थवा दिसण्याआधी ऐकू येतो. साध्या पोपटाच्या कर्कश ओरडण्याहून याची 'टुई, टुई' अशी हाक मऊ असते. नराचे डोके जांभळट गुलाबी आणि गळ्याभोवती काळी रेघ, तर मादीचे डोके करडे आणि मानेवर पिवळसर पट्टा. उडताना मात्र शेपटीचे पांढरे टोक हीच सोपी खूण.

कसोटी लागली ती लाल रंगाची. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे छायाचित्रातील अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख, ठीक दिसत असतानाही त्यातील लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला कापला जात होता, आणि पाकळ्यांचे पोत जाऊन तिथे सपाट डाग उरत होता. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, दोनतृतीयांश स्टॉप (एक स्टॉप उतरवला की उजेड निम्मा होतो) उतरवून आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात टिपून हे सावरता आले. चोच फुलात खुपसलेली असताना डोके दिसत नाही, म्हणून ते वर येण्याची वाट पाहून १/१००० सेकंदाच्या शटरने टिपत गेलो. उड्डाणासाठी १/२५०० लागले. ऊन चढून सावल्या कडक झाल्या की मी सामान आवरत असे.

हाच त्यांचा विणीचाही काळ. जवळच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत जोडीची ये-जा दिसली, तिकडे मी लेन्स वळवली नाही आणि ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्षी बोलावणे तर मला मुळातच मान्य नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार हे पोपट पकडणे किंवा पाळणे गुन्हा असला, तरी ढोलीतून पिल्ले काढून विकणारे आहेत. म्हणून छायाचित्रांखाली मी गावाचे नाव लिहीत नाही.