यंदाचा शब्द कोणता?

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, कंपन्यांच्या टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, मोठे साहेब नवीन 'मूल्यं' जाहीर करतात तेव्हा सगळ्यात मागच्या रांगेकडे बघावं. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेली मंडळी तिथे शांतपणे मोबाइल बघत असतात. त्यांना उद्धट म्हणायचं कारण नाही. असे बरेच शब्द त्यांनी येताना आणि जाताना पाहिलेत.

नव्वदच्या दशकात 'रीइंजिनिअरिंग' होतं. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये मांडलेला मुद्दा खरं तर चांगला होता: जुनीच कामाची पद्धत कॉम्प्युटरवर चढवू नका, ती मोडून नव्याने आखा. पण कंपन्यांनी त्याचा उपयोग मुख्यतः माणसं कमी करायला केला. मग 'सिक्स सिग्मा'. मोटोरोलात १९८६ साली कारखान्यातल्या चुका कमी करण्यासाठी निघालेली ही पद्धत १९९५ नंतर जनरल इलेक्ट्रिकचे (जीई) प्रमुख जॅक वेल्च यांनी तिथे सगळ्यांच्या गळ्यात बांधली आणि बढतीसाठी तिच्या प्रशिक्षणाचा 'ग्रीन बेल्ट' लागू लागला. २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्डला सतरा जणांनी 'अजाइल' या सॉफ्टवेअर बनवण्याच्या लवचीक पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं महत्त्वाची, हे त्यातलं पहिलंच मूल्य. आज अजाइल म्हणजे रोज सकाळची मीटिंग, एक सॉफ्टवेअर आणि पैसे भरून मिळणारं सर्टिफिकेट.

हे झाले कामाच्या पद्धतीचे शब्द. ते बदलले तर फार बिघडत नाही. कंपनी कोणासाठी चालवायची, याचं उत्तरच बदलतं तेव्हा मात्र मजा येते.

नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी, असं अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली लिहिलं. बड्या कंपन्यांच्या प्रमुखांची 'बिझनेस राउंडटेबल' नावाची संघटना आहे. तिने १९९७ मध्ये भागधारकांचं हित सर्वात वर, असं लेखी सांगितलं. त्याच संघटनेच्या १८१ प्रमुखांनी ऑगस्ट २०१९ मध्ये सही केली की कर्मचारी, ग्राहक, पुरवठादार, समाज हे सगळेच आमचे. पुढच्याच वर्षी कोविडमध्ये नोकरकपात झाली, त्यात सही करणाऱ्यांच्याही कंपन्या होत्या. त्याच वर्षी पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाल्यावर सर्वत्र 'विविधता आणि समावेशन' आलं, खास अधिकारी नेमले गेले. वॉशिंग्टनमधलं वारं फिरलं तसे २०२४-२५ मध्ये वॉलमार्ट आणि मेटाने ते कार्यक्रम आवरते घेतले. ब्लॅकरॉक या बड्या गुंतवणूक कंपनीचे प्रमुख लॅरी फिंक तर २०२३ मध्ये म्हणाले की 'ईएसजी' (पर्यावरण, समाज आणि चांगला कारभार बघून गुंतवणूक) हा शब्दच आपण आता वापरत नाही, कारण त्याचं राजकारण झालंय. काम मात्र चालूच राहील म्हणे!

मला हे सगळं ढोंग वाटत नाही. बहुतेकांना बोलताना ते खरंच वाटत असावं. फक्त शब्द फुकट असतो तोवर टिकतो. त्याच्यामुळे खटला, बहिष्कार किंवा तोटा दिसू लागला की तो हळूच गळतो. एन्रॉनच्या मूल्यांत 'सचोटी' होतीच की, आणि हिशेबातला घोटाळा उघड होऊन डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. उलट जॉन्सन अँड जॉन्सनचं 'क्रेडो', म्हणजे औषध वापरणाऱ्यांना पहिलं स्थान देणारं तत्त्वपत्र, १९४३ सालचं. १९८२ मध्ये शिकागो परिसरात त्यांच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, सात माणसं गेली, तेव्हा कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. (पुढे याच कंपनीवर टाल्क पावडरमुळे कॅन्सर झाल्याच्या आरोपावरून हजारो खटले झाले, हेही सांगायला हवं.)

त्यामुळे नव्या नोकरीचा विचार करणाऱ्यांना मी एक उद्योग सुचवतो. कंपनीचे पाच-सात वर्षांपूर्वीचे वार्षिक अहवाल वेबसाइटवर असतात. आताच्या अहवालाशेजारी ते ठेवून कोणता शब्द गायब झालाय ते शोधा. मुलाखतीत कुणी सांगणार नाही ते तिथे कळतं.

सध्या आमच्याकडे 'एआय-फर्स्ट' चालू आहे. प्रत्येक टीमने त्यावर एक स्लाइड द्यायची आहे. एकूण स्लाइड वाढवायच्या नाहीत, म्हणून 'सस्टेनेबिलिटी'ची काढा असा निरोप आलाय.